सामूहिक दावा जिंकला. आता कुणाला किती, आणि ते वसूल कसं करायचं?

समजा, बार्शी तालुक्यातल्या एका गावात १२० शेतकऱ्यांनी एकाच कंपनीचं, एकाच लॉटचं सोयाबीन बियाणं पेरलं. पाऊस वेळेवर झाला, वाफसा चांगला होता, तरी उगवण झाली नाही. सगळ्यांनी मिळून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. काही वर्षांनी निकाल लागला: 'कंपनीने तक्रारदारांना योग्य ती नुकसानभरपाई व्याजासह द्यावी.' गावात पेढे वाटले गेले.

मला विचाराल तर खरी काळजी त्या दिवशीच सुरू व्हायला हवी. या वाक्यात रक्कम नाही. कुणाला किती, हे नाही. व्याज कोणत्या तारखेपासून, किती टक्क्यांनी, हेही नाही. असा निकाल घेऊन वसुलीला गेलात की कंपनीचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो, 'नेमके किती द्यायचे?' आणि त्याचं उत्तर निकालपत्रात सापडत नाही. वसुलीचं प्रकरण चालवणारं कोर्ट मूळ हुकूमनाम्याच्या, म्हणजे निकालातल्या लेखी आदेशाच्या, पलीकडे जाऊ शकत नाही, हे आपल्याकडचं जुनं आणि पक्कं तत्त्व आहे. मूळ निकालात जे लिहायचं राहिलं, ते वसुलीच्या वेळी नव्याने घालून मिळत नाही.

भारतात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हातात पडल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १८७२ मध्ये दरभंग्याच्या एका प्रकरणात म्हटलं होतं. दीडशे वर्षांनंतरही ते खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये देशभरातून आकडे मागवले, तेव्हा अंमलबजावणीच्या ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती (निकाल अमलात आणण्याचे अर्ज) तुंबलेल्या निघाल्या आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता. ही सगळी दावा जिंकलेली माणसं आहेत. एकट्या माणसाची ही गत असेल, तर १२० जणांच्या दाव्यात काय होत असेल?

आधी ठरवा: दावा कुणाच्या नावाने?

सामूहिक दाव्याचे आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार आहेत. एकात सगळे १२० जण स्वतःच्या नावाने, एकाच तक्रारीत एकत्र येतात. ही संयुक्त तक्रार. दुसऱ्यात चार-पाच जण पुढे होतात आणि 'आमच्यासारख्या सगळ्यांच्या वतीने' दावा करतात. हा प्रातिनिधिक दावा. त्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम ८ मध्ये आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५(१)(क) मध्येही आहे. प्रातिनिधिक दाव्याला कोर्टाची परवानगी लागते. सगळ्या संबंधितांना नोटीस द्यावी लागते, माणसं फार असतील तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आणि तिचा खर्च दावा करणाऱ्याने सोसायचा. मात्र निकाल लागला की तो न आलेल्यांनाही लागू होतो, जिंकलात तरी आणि हरलात तरी.

'आम्हा सगळ्यांचं दुखणं एकच आहे' एवढं म्हणून प्रातिनिधिक दावा उभा राहत नाही. ब्रिगेड एंटरप्रायझेस या बांधकाम कंपनीच्या २०२१ च्या प्रकरणात ५१ फ्लॅटच्या खरेदीदारांनी १,१३४ फ्लॅटधारकांच्या वतीने तक्रार केली होती. सगळ्यांचं हित समान कसं, हे तक्रारीत नीट मांडलंच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने ती प्रातिनिधिक मानली नाही, फक्त सह्या करणाऱ्यांची संयुक्त तक्रार म्हणून चालू ठेवली. म्हणजे बाकीचे बाहेर राहिले. आपल्या गावाच्या बाबतीत समान हित मांडणं सोपं आहे: एकच लॉट नंबर, एकच हंगाम, एकच दोष. हे तिन्ही तक्रारीच्या पहिल्या पानावर यायला हवेत.

आयोग कोणता, हे भरपाईच्या आकड्यावर ठरत नाही. वस्तूसाठी मोजलेल्या पैशांवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. १२० जणांनी प्रत्येकी तीन पिशव्या, एक पिशवी २,८०० रुपयांना, घेतल्या असतील, तर मोजलेले पैसे १० लाख ८ हजार. भरपाई त्याच्या कितीतरी पट मागितली तरी प्रकरण सोलापुरातच चालेल, मुंबईला जावं लागणार नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत हवी.

एकरी हिशेब

आता आकड्याकडे येऊ. इथे थोडं थांबून हिशेब करायला हवा, कारण बहुतेक तक्रारींत 'प्रत्येकी एक लाख रुपये मिळावेत' असा गोल आकडा असतो आणि तो कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही.

खालचे भाव आणि उतारे समजण्यासाठी घेतले आहेत. एकरी सरासरी ८ क्विंटल सोयाबीन आणि बाजार समितीतला भाव ४,४०० रुपये धरू. म्हणजे एकरी ३५,२०० रुपये आले असते.

पहिला शेतकरी. उगवणच नाही, दुबार पेरणीला पैसे नव्हते, रान पडून राहिलं. त्याचं नुकसान ३५,२०० नाही. पीकच नसल्यामुळे खुरपणी, फवारणी, काढणी, मळणी यांचा खर्च वाचला. तो ११,००० धरला, तर खरं नुकसान २४,२००. यात बियाण्याच्या पिशवीचे २,८०० वेगळे मिळवायचे नाहीत. पीक चांगलं आलं असतं तरी ते पैसे खर्च झालेच असते आणि ३५,२०० मधून वसूल झाले असते. दोन्ही मागितले की समोरचा वकील एकच पैसा दोनदा मागितल्याचं दाखवून देतो आणि मग सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास उडतो.

दुसऱ्याने उसनवारी करून दुबार पेरणी केली. नवं बियाणं २,८००, पेरणीचा ट्रॅक्टर २,०००. उशिरामुळे उतारा ८ ऐवजी साडेपाच क्विंटल, म्हणजे अडीच क्विंटलचे ११,०००. एकूण १५,८००. त्याचं नुकसान कमी दिसतं, कारण त्याने ते धडपड करून कमी केलं. कायद्याची अपेक्षाही तीच आहे: करार कायद्याच्या कलम ७३ चा हिशेब करताना, नुकसान टाळण्यासाठी हाताशी काय उपाय होते हे पाहिलं जातं. पण त्या उपायाला लागलेला खर्च मागायचा हक्क त्याला आहे. दुकानदाराची दुसरी पावती म्हणून जपायची.

तिसऱ्याची अर्धवट उगवण झाली. त्याने विरळ पीक तसंच ठेवलं, ४ क्विंटल झाले. गेलेल्या ४ क्विंटलचे १७,६००, त्यातून काढणी-मळणीचा वाचलेला खर्च २,५०० वजा. राहिले १५,१००.

एकाच गावात, एकाच लॉटचे तीन आकडे. १२० जणांचे असे १२० हिशेब कोणतंही आयोग आनंदाने तपासणार नाही. म्हणून मधला मार्ग काढायचा: नुकसानीचे तीन गट, प्रत्येक गटाला एकरी दर आणि त्यापुढे प्रत्येकाचं क्षेत्र. दर एकदाच सिद्ध करायचा, क्षेत्र सातबारा आणि ई-पीक पाहणीच्या नोंदीवरून. दरासाठी कृषी विभागाच्या तालुका तक्रार निवारण समितीचा पंचनामा हा कणा आहे. त्यात उगवणीचा टक्का, लॉट नंबर, गट नंबर आणि पाहणीची तारीख हवी. सोयाबीनच्या बियाण्याची किमान उगवण ७० टक्के असावी लागते. पंचनाम्यात ३० टक्के आली, तर दोषाबद्दल फार बोलावं लागत नाही. 'प्रयोगशाळेत तपासायला बियाणं कुठे आहे?' असं कंपनी विचारते. शेतकरी सगळं बियाणं पेरतो, तपासणीसाठी वेगळं काढून ठेवेल अशी अपेक्षा धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

सरसकट दर लावणं न्यायालयांना नवं नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत १९९७ मध्ये ५९ जण गेले. प्रत्येकाचं वय, कमाई, कुटुंब वेगळं होतं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दोन गटांत ठरवली: वय वीसच्या वर असलेल्यांसाठी १० लाख, त्याखालच्यांसाठी साडेसात लाख, वर ९ टक्के व्याज. उच्च न्यायालयाने दिलेले आकडे यापेक्षा मोठे होते, ते कमी झाले याचं दुःख आहेच. पण निकाल वाचून कुणाला किती हे लगेच सांगता येतं.

याच्या उलट घडलं भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर, तेव्हाच्या सुमारे ७१५ कोटी रुपयांवर, सगळ्यांच्या वतीने तडजोड झाली. रक्कम आधी ठरली, पीडित मोजले नंतर. मोजणी संपेपर्यंत भरपाईस पात्र ठरलेल्यांची संख्या साडेपाच लाखांच्या पुढे गेली. पैसे वाटताना प्रत्येकाच्या वाट्याला किती कमी आले असतील, याचा अंदाज बांधता येतो. शिल्लक राहिलेले सुमारे १,५०० कोटी २००४ मध्ये त्याच लोकांना पुन्हा प्रमाणात वाटायचा आदेश झाला आणि वाढीव भरपाईची केंद्राची शेवटची याचिका २०२३ मध्ये फेटाळली गेली. एवढ्या मोठ्या दुर्घटनेची आणि बियाण्याच्या दाव्याची तुलना मी करत नाही. पण यादी तयार नसताना एकरकमी तडजोडीवर सही करू नये, हे मला तिथूनच पटलं.

ब्राझीलच्या ग्राहक कायद्याने १९९० मध्ये हे दोन टप्प्यांत मोकळं केलं. आधी कोर्ट फक्त जबाबदारी ठरवतं, मग प्रत्येक बाधित आपापला आकडा सिद्ध करून घेतो. वर्षभरात पुरेसे लोक आले नाहीत, तर दावा करणारी संस्था उरलेली भरपाई ठरवून घेते आणि पैसे सार्वजनिक निधीत जातात. आपल्याकडे असा सरळ रस्ता नाही, पण जवळची एक तरतूद आहे. ज्यांची ओळख पटवणं सोयीचं नाही अशा मोठ्या संख्येच्या ग्राहकांचं नुकसान झालं असेल, तर ग्राहक आयोग विकलेल्या सदोष मालाच्या किमतीच्या किमान २५ टक्के रक्कम भरायला सांगू शकतो. जुन्या कायद्यात हे फक्त ५ टक्के होतं. तक्रारीत ही मागणी क्वचितच केली जाते. ती केली पाहिजे.

व्याजाकडेही दुर्लक्ष नको. एकूण भरपाई ४० लाख ठरली आणि ९ टक्के व्याज तक्रारीच्या तारखेपासून मिळालं, तर चार वर्षांचे १४ लाख ४० हजार होतात. तेच व्याज 'निकालापासून' असं लिहिलं गेलं, तर हे सगळे गेले. दिवाणी कोर्टात हुकूमनाम्यानंतरच्या व्याजाला साधारणपणे ६ टक्क्यांची मर्यादा आहे, व्यापारी व्यवहार असेल तर जास्त मिळू शकतं.

म्हणून तक्रारीलाच एक परिशिष्ट जोडा आणि 'हे परिशिष्ट आदेशाचा भाग समजावं' अशी लेखी विनंती करा. रकाने असे: नाव, गट नंबर, क्षेत्र, पिशव्या, पावती क्रमांक, नुकसानीचा गट, रक्कम, व्याजाची तारीख, बँक खातं. निकालात ही यादी आली की वसुलीचं निम्मं काम झालं. दावा प्रातिनिधिक असेल आणि काही जण मागाहून येणार असतील, तर त्यांनी कोणता पुरावा आणायचा तेही आदेशात लिहून घ्यायचं.

वसुली

निकाल विरोधात गेला की कंपनी अपिलात जाते. जिल्हा आयोगाच्या आदेशावर राज्य आयोगात ४५ दिवसांत अपील, आणि त्यासाठी आदेशातल्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. रक्कमच ठरलेली नसेल तर कशाचे ५० टक्के? इथेही परिशिष्ट कामाला येतं. दिवाणी दावा असेल आणि अपील उच्च न्यायालयात जाणारं असेल, तर सोलापूरकरांना आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे.

ग्राहक आयोगाचा आदेश कलम ७१ नुसार दिवाणी हुकूमनाम्यासारखाच वसूल होतो. शिवाय कलम ७२ आहे: आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. माझं मत असं की दोन्ही अर्ज करावेत. कैदेच्या भीतीने संचालक आयोगात हजर होतात, पण पैसे येतात ते जप्तीने.

जप्ती कशाची? हे तक्रार करतानाच शोधायला हवं. कंपनीचं कार्यालय दुसऱ्या राज्यात, गोदाम भाड्याचं, जमीन बँकेकडे तारण, असं असेल तर हुकूमनाम्याचा नंबर बँकेच्या मागे लागतो. मालमत्ता लपवली जात असेल तर संहितेच्या आदेश २१, नियम ४१ खाली तिची शपथपत्रावर यादी द्यायला लावता येते, नाही दिली तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग. आणि एक उपाय आपल्या डोळ्यांसमोर असतो पण सुचत नाही. बार्शीचा, वैरागचा, मोहोळचा विक्रेता कंपनीचा माल उधारीवर घेतो. म्हणजे तो कंपनीचं देणं लागतो. त्याच आदेशाच्या नियम ४६-अ खाली कोर्ट त्याला सांगू शकतं की कंपनीला द्यायचे पैसे कोर्टात भर. हंगामाच्या तोंडावर हा अर्ज केला तर त्याचा परिणाम लवकर दिसतो. उलट, निकाल एखाद्या छोट्या दुकानदाराविरुद्ध असेल तर त्याची भांडी, अंथरूण-पांघरूण संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून वगळली आहेत. ते योग्यच आहे.

१२० जणांनी १२० दरखास्ती करायची गरज नाही. आदेश २१ चा नियम १५ सांगतो की संयुक्त हुकूमनामाधारकांपैकी एक किंवा अनेक जण सगळ्यांच्या फायद्यासाठी पूर्ण रकमेची दरखास्त देऊ शकतात, आणि बाकीच्यांचं हित सांभाळण्यासाठी कोर्ट अटी घालतं. एक अट आपणच मागून घ्यावी: पैसे कुणा म्होरक्याच्या हातात न जाता कोर्टात जमा व्हावेत आणि तिथून थेट प्रत्येकाच्या खात्यात जावेत. वकिलाने वसुलीतल्या टक्केवारीवर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांना मान्य नाही, हेही गावाला माहीत असावं.

याच टप्प्यावर कंपनीचा माणूस गावात येतो. आठ-दहा जणांना गाठतो, रोख काही हजार देतो आणि कोऱ्या कागदावर सह्या घेतो. आदेश २१ च्या नियम २ प्रमाणे कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवले गेले नाहीत, तर वसुलीत ते धरले जात नाहीत. प्रातिनिधिक दाव्यात तर कोर्टाच्या परवानगीशिवाय केलेली तडजोड टिकतच नाही. पण सह्या केलेली माणसं गोंधळतात, एकमेकांवर संशय घेतात आणि एकजूट मोडते. सही करण्याआधी वकिलाला एक फोन करावा, एवढं तरी प्रत्येकाने पाळावं.

कंपनीच दिवाळखोरी प्रक्रियेत गेली तर वसुली स्थगित होते. मग मुदतीत रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे ती प्रक्रिया चालवणाऱ्या व्यक्तीकडे, दावा नोंदवावा लागतो, तिथेही परिशिष्टाची प्रत जोडायची. ठेवी बुडवणाऱ्या संस्थांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा वेगळा आहे, त्यात सक्षम अधिकारी मालमत्ता जप्त करतो आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने ठेवीदारांना वाटप होतं.

सोलापूरकरांना जास्त ओळखीची वसुली आहे ती उसाची. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर) द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. कारखान्याने थकवलं की साखर आयुक्त आरआरसी (महसुली वसुलीचं प्रमाणपत्र) काढतात आणि जिल्हाधिकारी ती थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करतात. इथे कोर्टात जावंच लागत नाही. समजा ६० टन ऊस, टनाला २,८०० रुपये निव्वळ, म्हणजे १,६८,००० रुपये, आणि उशीर १२० दिवसांचा. व्याज सुमारे ८,२८५ रुपये. मुद्दल खात्यात आलं की बहुतेक शेतकरी हे व्याज सोडून देतात. का सोडायचं? हजार सभासदांच्या कारखान्यात तीच रक्कम ८३ लाखांच्या घरात जाते. मात्र आरआरसीलाही एक अडचण आहे. गोदामातली साखर बऱ्याचदा आधीच बँकेकडे तारण असते आणि तिच्यावर बँक आपला हक्क सांगते. म्हणून आरआरसी लवकर निघणं महत्त्वाचं.

दिवाणी हुकूमनाम्याची दरखास्त १२ वर्षांपर्यंत देता येते. ही मुदत मोठी वाटते, पण तेवढ्या काळात यादीतली काही माणसं राहत नाहीत. दावा चालू असताना संयुक्त तक्रारदार वारला, तर वारसांची नावं ९० दिवसांत लावून घ्यावी लागतात. हुकूमनामा झाल्यानंतर वसुलीचं प्रकरण मृत्यूमुळे बंद पडत नाही, वारस पुढे चालवू शकतात. तरी वारसाची नोंद आणि बँक खातं नसेल तर पैसे कोर्टात पडून राहतात. म्हणून गावातल्या एकाने, शक्यतो हिशेबाला चोख असलेल्याने, परिशिष्टाची एक वही ठेवावी आणि दरवर्षी पेरणीआधी तिच्यात वारसांची नावं, बदललेली खाती आणि मोबाईल नंबर भरून वकिलाकडे पाठवावेत.